एरंडेल लावलेला पोल

काकासाहेबांची, म्हणजे संस्कृतीच्या आबांची, अट एकच होती. "पोल डान्स म्हणू नको. मल्लखांब म्हण, मग मी तुझा कार्यक्रम बघायला येतो." तरुणपणी त्यांनी पिशोरच्या तालमीत मल्लखांब गाजवला होता. आता लेकीचा व्हिडिओ बघून सगळी भावकी नाकं मुरडत होती.

संस्कृतीला तिडीक आली. शेंद्र्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून ती सिडकोतल्या हॉलवर सराव करायची, मांड्या काळ्यानिळ्या करून घ्यायची. ते काय नाव लपवायला?

"आबा, तुम्ही लंगोटावर चढायचे तवा गाव टाळ्या वाजवायचं. उघडी कातडीच खांब धरती, हे तुम्हाला म्या सांगावं व्हय? ह्यात मल्लखांब हाय, सर्कस हाय, अन् पोटासाठी बारमधी नाचलेल्या बाया बी हायेत. मी कुणालाच वगळणार नाय."

आबांनी फोन ठेवून दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ते तिच्याही आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते. निवेदक सुयश हळूच म्हणाला, "वडील आलेत. मल्लखांब म्हणू का?" तिनं त्याच्या हातातला माईकच घेतला.

"मी पोल डान्स करणार आहे."

आबांनी मान खाली घातली. तरी तिनं पोलवर झेप घेतली आणि सर्रकन खाली येऊन आपटली. हॉल खो खो हसला. तिनं तळहात नाकाशी नेला. एरंडेल!

हे कुणाचं काम, ते सांगायला नको होतं. मोठ्या दिवशी खांबाला एरंडेलाचा हात द्यायचा, ही तालमीची रीत. लाकडाला तेल मानवतं. या स्टीलवर माशीसुद्धा टिकली नसती.

"आबा, वर या," ती तिथूनच ओरडली. "ह्यो लाकडाचा नाय. तेल चालत नाय ह्याला. तुम्हीच पुसा."

हशा थांबला. म्हातारा स्टेजवर चढला. तिच्या पिशवीतली स्पिरिटची बाटली आणि फडकं घेऊन, हात पुरेल तिथवर त्यानं पोल घासून काढला. "कोरड्या खांबावर लेकीला कसं चढू द्यायचं, म्हणून लावलं," तो पुटपुटला. तिचा सगळा राग तिथंच विरघळला. वरचं तिनं स्टुलावर चढून पुसलं.

दोघांनी पोलला नमस्कार केला. मग आबांनी सुयशकडून माईक मागून घेतला.

"आता माझी लेक पोल डान्स करंल," ते तालमीतल्या जुन्या आवाजात गरजले. "ज्याला हसायचं त्यानं भाईर जाऊन हसावं."