आईच्या डिस्कचा ताळा

"फॉरमॅट मारावा लागंल काका, सगळं उडंल," क्रांती चौकातल्या दुकानदारानं डिस्ककडे न बघताच सांगितलं. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. छत्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली, पोरांना शिस्त लावली, पण स्वतःचं तोंड आवरायचं काही जमलं नाही.

त्या डिस्कमध्ये माझी आई होती. मनकर्णाबाई, दौलताबादजवळच्या आमच्या गावची. अक्षर एक येत नव्हतं, पण जात्यावरच्या भीमाच्या ओव्या शेकड्यांनी पाठ. निवृत्त झाल्यावर मी एक रेकॉर्डर घेतला आणि सहा वर्षं दर रविवारी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. गेल्या वर्षी ती गेली. तिची शेवटची बैठक माझा भाचा संघपाल यानं कॅमेऱ्यावर घेतली होती, दोन तासांची सलग फाइल. ती डिस्कमध्ये टाकायला गेलो, तर फाइल फार मोठी आहे म्हणे. फाइल सहा जीबीची, शिल्लक जागा नऊ जीबी, आणि तरी मोठी! आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाच्या डोक्यात तिडीक जाणार नाही तर काय?

संघपालनंच उस्मानपुऱ्यातल्या मंजुषाचं नाव सांगितलं. पहिल्या मजल्यावर एवढासा गाळा, तीन बाजूंना उघडी पडलेली कॉम्प्युटरं, आणि मधे चष्मा कपाळावर सरकवून बसलेली चाळिशीची बाई. मी गेलो तेच भांडायच्या तयारीनं.

"फॉरमॅट मारणार असाल तर आधीच सांगा. मी उठतो."

"बसा सर," ती म्हणाली. "फॉरमॅटची गरज नाय. ही डिस्क जुन्या पद्धतीची आहे. कुठली फाइल कुठं ठेवली, केवढी आहे, याची डिस्कमध्ये एक वही असते. तुमच्या वहीत आकाराचा रकाना बारका आहे. चार जीबीच्या वरचा आकडा त्यात मावतच नाय. आपण वही बदलायची. सामान जागच्या जागी राहतं."

शाळेतल्या हजेरीपटाचा रकाना मला कळतो. एवढं सोपं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगतो, तिथंच माझा निम्मा राग उतरला.

"मग बदला की."

"असं नाय. आधी नक्कल काढल्याशिवाय मी कुणाच्या डिस्कला हात लावत नाय. बदलताना लाइट गेली तर? माझ्याकडची मोकळी डिस्क तुमच्या निम्मीच आहे. शिवाय तुमची काठोकाठ भरलीये, नवी वही लिहायला मोकळी जागा लागते. थोडं काहीतरी काढावं लागंल."

ते सोपं होतं. आईच्या ओव्यांचा मूळ फोल्डर होताच, पण जपून ठेवायच्या नादात मी त्याच डिस्कमध्ये त्याच्या आणखी तीन नकला करून ठेवल्या होत्या. 'नवीन फोल्डर' एक, दोन आणि तीन. मंजुषा हसली नाही, फक्त म्हणाली, "सर, घर जळालं तर कपाटातली किल्ली आणि पेटीतली किल्ली, दोन्ही जळतात."

"कळलं. तिन्ही उडवा. सगळे सारखेच आहेत."

"सारखे आहेत असं तुम्ही म्हणता. मी अजून म्हणत नाय."

मग तिनं एक प्रोग्रॅम लावला. चारही फोल्डरमधली एकेक फाइल एकमेकींशी ताडून पाहणारा. दीड तास मी स्टुलावर बसून होतो. मधे दोन गिऱ्हाइकं घाईला आली, एकाचा तर पेनड्राइव्हच अडकला होता; तिनं दोघांनाही बसवून ठेवलं. एवढ्या वेळात दहा वेळा 'डिलीट' दाबून झालं असतं. मी जन्मभर पोरांवर ओरडलो, ताळा करा, ताळा करा. उत्तर बरोबर वाटत असताना ताळा कसा करतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"दोन आणि तीन मूळ फोल्डरसारखे आहेत, बिनधास्त काढा," ती म्हणाली. "एक नंबर मात्र वेगळा. नावं तीच, पण त्यातली प्रत्येक फाइल मोठी. तुम्ही कधी काही कापलं होतं का?"

कापलं होतं. आई असतानाच मी एकदा महिनाभर बसून ते सगळं रेकॉर्डिंग साफ केलं होतं. तिचा खोकला, भांड्यांचा आवाज, मधलीच बडबड, सगळं काढून नुसत्या ओव्या ठेवल्या. वही नेटकी असावी ही मास्तरची खोड. कापण्याआधी भीतीपोटी एक नक्कल काढली असणार, आणि विसरलो असणार.

मंजुषानं त्यातली एक फाइल लावली. ओवी संपली, खोकला आला, मग आई म्हणाली, "झालं का लेकरा तुझं? भाकर थंड व्हायली."

मी खिडकीकडे तोंड केलं. त्या बाईनंही माझ्याकडे पाहिलं नाही. दोन आणि तीन नंबरचे फोल्डर तिनं काढले, मूळ ओव्या आणि एक नंबर दोन्ही स्वतःच्या डिस्कवर उतरवले. डिस्कवरचे घरच्या लग्नांचे जुने व्हिडिओ तिथं मावले नाहीत; त्यांची जोखीम माझी, असं मी सांगितलं. त्यांची दुसरी नक्कल नव्हती, म्हणून तर फॉरमॅट मारायचा नव्हता. नक्कल नीट उतरली का, याचाही तिनं परत ताळा केला. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीची खात्री करून काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहिली.

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. ती म्हणाली, "डिस्कचं नाव विचारतंय. चुकून दुसरीच बदलली जाऊ नये म्हणून."

"आई," मी म्हणालो. डिस्क घेतली तेव्हाच तिला हे नाव दिलं होतं.

तिनं ती तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली. आकडे वर सरकत राहिले. बाहेर रिक्षा बोंबलत होत्या आणि मी, देवाला न मानणारा माणूस, हात जोडून बसलो होतो. ते मंजुषाला जोडले होते असं आता म्हणतो. वीस मिनिटांनी रूपांतर पूर्ण झाल्याचा निरोप आला. सहा जीबीची फाइल निमूट आत गेली. एकही ओवी हलली नव्हती.

"शेवटचं बघून घेऊ," म्हणत तिनं एक नंबरमधली कुठलीशी फाइल उघडली आणि थेट शेवटाला नेली. जात्याची घरघर थांबली. माझाच आवाज आला, कावलेला, "आई, मधे मधे बोलू नको, मशीन चालू असतं."

मग आई, अगदी हळू, "बंद झालं का रे ते? मंग आता बोलू का?"

"बोल आई," मी त्या गाळ्यात मोठ्यानं म्हणालो.

मंजुषानं आवाज वाढवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हातानंच थांबायला सांगितलं.