दोन मिस कॉल म्हणजे न्यायला या

मी सिमकार्ड बोलतोय. आवाज बारीक वाटेल, कारण मी आहेच नखाएवढा. जन्मलो तेव्हा चांगला ऐसपैस होतो. पण मालकिणीनं फोन बदलला की शाहूपुरीतला दुकानदार मला कटरमध्ये घालायचा आणि कडेनं छाटायचा. माणसं वयानं वाढतात, मी घटत आलो. दुखतंय का, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. असो.

माझ्या मालकिणीचं नाव पासपोर्टवर चिमणाबाई असं आहे, पण अख्खी वस्ती तिला आक्का म्हणते. पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांचं घर आहे, दारात म्हशी आहेत, आणि घरात तिचा नवरा ज्ञानू आहे. ज्ञानूला हळू बोलता येत नाही. तो फोनवर बोलायला लागला की मला वाटतं, ह्याला माझी गरजच काय? नुसत्या हाकेवर काम होईल.

पण ह्या घरात फोन बोलण्यासाठी नव्हताच मुळी, तो होता मिस कॉलसाठी. आक्का माहेरी गडहिंग्लजला पोचली की एक मिस कॉल द्यायची. त्याचा अर्थ, पोचले. परत येताना कोल्हापूरच्या स्टँडवर उतरली की दोन द्यायची. त्याचा अर्थ, न्यायला या. ज्ञानू गाडी काढायचा आणि निघायचा. उचलायचा मात्र कधीच नाही. एकदा चुकून उचलला, तर आक्का भर स्टँडवर कडाडली होती, "उचलला कशाला? मिस कॉल हुता की त्यो!"

पुढं बोलणं फुकट झालं, तरी घराची रीत मोडली नाही. ते सगळे मिस कॉल माझ्यावरून गेले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

मग स्नेहलची बातमी आली. स्नेहल त्यांची लेक, जर्मनीत नर्स आहे. तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला आईच पाहिजे, असा तिनं हट्ट धरला. म्हशी सोडून ज्ञानूला हलता येईना. म्हणजे आक्का एकटी जाणार. विमानतळावर जावई धवल घ्यायला येणार होता, तरी ज्ञानूला काळजी लागली. तो म्हशीला दोनदा पाणी दाखवायला लागला, त्यावरून मी ओळखलं. परक्या मुलखात बायकोचा फोनच बंद पडला, तर ती लेकीपर्यंत पोचायची कशी?

त्याचा बंदोबस्त सुनेनं हाती घेतला. तेजस्वी शाहूपुरीतल्या एका ऑफिसात कामाला आहे, आणि तिच्या तोंडून मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला. ई-सिम! प्लास्टिक नाही, चकती नाही, नुसतं हवेतून फोनमध्ये येऊन बसणारं सिम. मी फोनच्या खणातल्या खणात नाक मुरडलं.

स्नेहलनं दिवाळीला पाठवलेल्या फोनात ई-सिम चालतं का, ते तेजस्वीनं आधी बघून घेतलं. मग कंपन्या काढून बसली. एक अगदी स्वस्त होती, पण तिची मुदत इथं घरी बसवल्याबसवल्याच चालू होत होती. म्हणजे बॅग भरेपर्यंतच निम्मी खलास. दुसरीवर मोठ्या अक्षरांत 'अनलिमिटेड' होतं. ज्ञानूचे डोळे चमकले.

"ह्योच घे," तो गरजला. "आपल्याकडं रस्सा अनलिमिटेड असतोय न्हवं? मग डेटा बी अनलिमिटेडच पायजे की!"

तेजस्वीनं खालची बारीक अक्षरं वाचली आणि हसली. "मामा, खानावळीत पयली वाटी झणझणीत तांबडा रस्सा दिला, आणि फुडं नुसतं गरम पाणी वाढत बसले, तर चालंल तुमास्नी?"

"असल्या खानावळीची पायरी चढणार न्हाय मी."

"मग ह्यो पॅक बी घ्यायचा न्हाय. रोजचा थोडा डेटा संपला की फुडं गाडी नुसती रांगती ह्यात. आत्तीनं व्हिडिओ कॉल लावला तर तोंडच दिसायचं न्हाय."

शेवटी तिनं तिसरी कंपनी निवडली. महिनाभराची मुदत, आणि तीही तिथलं नेटवर्क लागल्यापासून. डेटा मोजका, पण शेवटपर्यंत एकाच वेगाचा. एका नेटवर्कला रेंज नसेल तर दुसरं धरणारी. घ्यायच्या आधी तेजस्वीनं तिन्ही कंपन्यांना चॅटवर एकच प्रश्न विचारला होता, की साठीच्या बाईला हे जमेल का. नीट उत्तर ह्या एकीकडूनच आलं. ज्ञानूला तेवढं पटलं. विचारल्यावर बोलतंय, म्हणजे माणूस बरा, म्हणाला.

घरच्या वायफायवर चौकोनी कोड स्कॅन झाला आणि तो पावणा माझ्या शेजारी आला. दिसेना, पण आहे एवढं कळत होतं.

"नंबर काय रे तुझा?" मी दरडावून विचारलं.

"मला नंबर नाही. मी फक्त डेटा आहे."

मी पोट धरून हसलो. ज्याला नंबर नाही तो मिस कॉल काय कपाळ देणार?

तेजस्वीनं आक्काकडून घोकून घेतलं. उतरल्यावर डेटा नव्या सिमचा चालू, रोमिंगही त्याचंच चालू. जुन्याचा डेटा बंदच ठेवायचा. जुना म्हणजे मी. ऐकून वाईट वाटलं, लपवत नाही.

विमान फ्रँकफर्टला उतरलं. मी रेंज शोधली, पण तिथं माझं कुणी नव्हतं. आक्कानं घोकल्याप्रमाणं खटके दाबले, आणि पावण्यानं क्षणात नेटवर्क धरलं. पाठोपाठ धवलचा निरोप आला. स्नेहलला कळा लवकर सुरू झाल्या, आम्ही दवाखान्यात आहोत, मी येऊ शकत नाही, सोबत रेल्वेचं तिकीट पाठवलंय, सांभाळून या.

आक्का बॅग ओढत विमानतळाला लागूनच असलेल्या रेल्वे स्टेशनात आली. एवढं मोठं स्टेशन, पाटीवरचं एक अक्षर लागेना, आणि लेक तिकडं कळा देतेय. धवल फोन उचलेना. मग तिनं व्हॉट्सॲपवरून घरी लावला.

तिकडं घरी, हे मला मागाहून कळलं, धारेची वेळ झाली होती. ज्ञानू म्हशीखाली बसला होता, आणि खिशातला फोन वाजला. त्यानं आक्काचं नाव बघितलं, फोन वाजू दिला, आणि उचललाच नाही! उलट ओरडला, "तेजस्वी, पोचली गं! मिस कॉल आला!"

इकडं वाजून वाजून फोन थांबला. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस उचलणार नाही. उचलायचा नाही, असं तिनंच तर शिकवलं होतं. तिनं नाक पुसलं आणि पुन्हा लावला. ह्या खेपेला एकच रिंग जाऊ दिली आणि कट केला.

दोन मिस कॉल.

ज्ञानू उठला. चरवी तिथंच ठेवली, पायांत चपला सरकवल्या, गाडीची किल्ली घेतली आणि उंबऱ्यापर्यंत गेला. तिथं त्याला कळलं, की ह्या स्टँडवर गाडी जात नाही.

"तेजस्वी!" त्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "न्यायला या म्हणतीया गं ती."

तेजस्वीनं लगेच व्हिडिओ कॉल लावला. आक्कानं रडत रडत सगळं सांगितलं. तेजस्वी म्हणाली, "आत्ती, रडू नगा. फोन फिरवून पाटी दाखवा मला." आक्कानं कॅमेरा वर धरला. चित्र स्वच्छ होतं, गरम पाणी नव्हतं. तेजस्वीनं गाडी शोधली, फलाट शोधला, आणि सासूला डावीकडं, उजवीकडं, आता खाली, असं चालवत नेलं. फलाटावर दोन गाड्या उभ्या होत्या. तेवढ्यात ज्ञानूला पडद्यावर गणवेशातला माणूस दिसला, आणि त्यानं सुनेच्या हातातल्या फोनात तोंड घालून हाळी दिली, "ओ पावणं! आमच्या मंडळींस्नी जरा गाडीत बसवा की!"

गोरा माणूस दचकून वळला. आक्कानं फोनवरचं तिकीट पुढं केलं. तो हसला, तिची बॅग उचलून डब्यात ठेवली, आणि आक्काला खिडकीपाशी बसवलं.

गाडी सुटली तरी ज्ञानूनं फोन ठेवू दिला नाही. आक्काला परकी शेतं दिसत होती आणि त्याला आक्का. मध्येच म्हशीचं तोंड फोनात आलं, तेव्हा ती खुदकन हसली. माझ्या शेजारचा पावणा एकदाही दमला नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ज्ञानूच्या फोनवर जे नाव उमटलं ते माझ्या नंबराचं होतं. व्हॉट्सॲप माझ्याच नंबरावर चालतं ना! ओळख माझी होती, रस्ता त्याचा होता. दोघांतला एक जरी नसता तरी आक्का त्या फलाटावरच राहिली असती. मी त्याला म्हणालो, "पावणं, चुकलं माझं." तो म्हणाला, "मला नंबर नाही, म्हणून तुमचा वापरला. राग नाही ना?" कसला राग!

संध्याकाळ व्हायच्या आत आक्का दवाखान्यात पोचली. नातीचं पहिलं रडणं ज्ञानूनं गोठ्यातच ऐकलं. ऐकताना त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो हसत होता.

पावण्याची मुदत संपली तशी आक्कानं त्याला स्वतःच्या हातानं काढलं. काढताना "लई उपकार झालं बाबा" म्हणाली.  मला करमेना.

तुम्हीही परदेशी निघालात तर नवं सिम जरूर घ्या. बारीक अक्षरं वाचून घ्या, विचारल्यावर बोलणारं घ्या. माझं एवढंच मागणं, की मला काढून टाकू नका. मी खणात पडून राहीन. नाव विचारलं की सांगायला मी लागेनच.

बाळ बाळसं धरू लागलं आणि आक्का परत आली. एसटी कोल्हापूरच्या स्टँडात शिरली तेव्हा माझी रेंज भरून वाहत होती. खिडकीतून तिला ज्ञानू दिसला. तो आधीच येऊन उभा होता, नवा शर्ट घालून. त्यानंही तिला बघितलं, आणि तरी तिनं फोन काढला. माझ्यावरून एक मिस कॉल दिला, मग दुसरा.

खिडकीखाली ज्ञानूच्या खिशात फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. वर बघत दोन्ही हात पुढं केले, बॅग घ्यायला.