प्रेमानंदची पट्टी

"अजून एकदा घेऊ का, काका?" सुरजने विचारले. प्रेमानंद घसा खाकरत उभा होता. तिसऱ्यांदा त्याचा आवाज त्याच ओळीवर फाटला होता.

"ऱ्हाऊ द्या काका, तकलीफ होऊन राहिली तुमाला," बेंजोवरचा पोरगा म्हणाला. "वयाचं असतं ते."

मी ढोलकी बाजूला सारली. "वयाचं काहून? एवढ्या वर तो कधी गायलाच न्हाई!"

प्रेमानंद कुरुंद्याच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडतो. आज या गल्लीचा व्हॉल्व्ह, उद्या त्या गल्लीचा, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या शिव्या. पण चौऱ्याण्णव साली तो आमच्या गायन पार्टीचा गायक होता. मी, रामकिशन, ढोलकीवर आणि गुलाबसिंग बेंजोवर. पाटी घेऊन शाळेला निघालेल्या पोरीचे आमचे एक गाणे होते. ते सुरू झाले की बाया पदर डोळ्याला लावायच्या.

जवळा बाजारच्या एका दुकानदाराने त्याची कॅसेट काढली. कॅसेटी भरताना त्याच्या मशीनवर मूळ फीत जरा पळायची. त्यामुळे प्रत्येक कॅसेटमध्ये गाणे घाईत आणि आवाज वर चढलेला. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट चहाच्या टपरीवर ते ऐकून प्रेमानंद लाजला. "लई कवळा आवाज निघाला की गड्या!" म्हणाला. पुढे मात्र जिथे जाऊ तिथे लोक म्हणायला लागले, कॅसेटसारखं म्हणा. आता कॅसेटसारखे कॅसेटच म्हणणार! हळूहळू लोकांनी आमच्याऐवजी कॅसेटच लावली आणि पार्टी मोडली. गुलाबसिंग पुण्याला गेला तो गेलाच.

चौदा वर्षांनी हिंगोलीच्या कॉलेजातली ही पोरे उगवली. जुन्या पार्ट्यांच्या कॅसेटी धुंडाळायच्या आणि ती गाणी जशीच्या तशी वाजवायची, हा यांचा नाद. गुलाबसिंगच्या बेंजोचा खरखरीत आवाज तर यांचा जीव की प्राण. अहो, आमच्या स्पीकरचा कागद फाटला होता, दुसरा आणायची ऐपत नव्हती! आम्हाला लाज वाटायची त्याची. यांनी त्यासाठी नवाकोरा स्पीकर ब्लेडने कापला. मी कपाळाला हात लावला.

बुद्धपौर्णिमेला कुरुंद्यात कार्यक्रम ठरला आणि सुरज प्रेमानंदला बोलवायला आला. प्रेमानंदने केस काळे केले. पाणी सोडता सोडता गल्लीगल्लीत सांगून आला. बायकोला, जनकाबाईला म्हणाला, "एकदा माइकसमोर म्हणतो, मंग काई ऱ्हायलं न्हाई बघ माझं."

आणि आता हे.

"त्याची पट्टी काळी एक," मी म्हणालो. "तुमी काळी दोन धरून बसलेत. अन् पळू नका."

सुरजने कीबोर्डवर पट्टी खाली आणली. प्रेमानंदने डोळे मिटले आणि गायला. सावकाश, भरल्या गळ्याने, अगदी तेव्हासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आले. सांगायला लाज कसली?

पोरे मात्र एकमेकांकडे बघू लागली. सुरज गुणी पोरगा, खोटे बोलला नाही. "काका, लई चांगलं हाय. पण लोकायच्या कानात दुसरं बसलंय. हे त्यायला ते गाणं वाटणार न्हाई."

प्रेमानंदने मान डोलावली. मग म्हणाला, "बराबर हाय तुझं. तू म्हण. मी मागून कोरस धरतो."

"आरं, तुझं गाणं अन् तूच मागं?" मी तडकलो.

"मंग काय घरी बसू?" तो एवढ्या जोरात ओरडला की मी ढोलकीची दोरी आवळायला लागलो.

पौर्णिमेला तो नव्या शर्टात कोरसच्या पोरांमध्ये उभा राहिला. सुरजने माइकवर त्याचे नाव घेतले, पण नेमकी तेव्हाच बेंजोवाल्याने तार छेडली आणि नाव शिट्ट्यांमध्ये बुडाले. गाणे पळत सुटले. पोरे नाचली, मैदान डोक्यावर घेतले. प्रेमानंद खालच्या सुरात साथ देत राहिला. ती फक्त शेजारी ढोलकीवर बसलेल्या मला ऐकू येत होती.

कार्यक्रम संपल्यावर हट्ट्याहून आलेली मिराबाई नावाची एक म्हातारी काठी टेकत स्टेजवर चढली. तिने सुरजच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली. "लेकरा, प्रेमानंदचा आवाज जशाला तसा काढलास रं!"

"मावशे, त्याचा आवाज एवढा वर न्हवता," शेजारी उभा असलेला प्रेमानंद हळूच म्हणाला.

म्हातारी उसळली. "तुला काय ठावं? कॅसेट हाय माझ्या घरी!"

सुरज काही बोलणार तोच प्रेमानंदने त्याचा दंड दाबला. "व्हय मावशे, तुमचंच बराबर," म्हणाला आणि तिला पायऱ्या उतरवायला हात दिला.

शेवटच्या पायरीवर ती थांबली. "जित्ता हाय का रं तो?"

"हाय की," प्रेमानंद म्हणाला. "पण आता गात न्हाई."