जाऊन येऊन

आबांनी मोटरसायकलच्या मागच्या टायरच्या खाचेत अंगठ्याचं नख खुपसलं. नख निम्म्याहून जास्त आत गेलं, तसं त्यांना बरं वाटलं. खात्रीसाठी त्यांनी चाक थोडं फिरवून आणखी एक खाच पाहिली. तिथंही तेच. मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडं न बघता थेट दुकानदाराला म्हणाले,

"नक्षी शाबूत आहे की. अजून दोन वर्षं तरी मरण नाही याला."

 दुकानदार उकिडवा बसला आणि त्यानं टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी दाबून फाकवली. टाचेला पडतात तशा बारीक भेगा रबरावर उमटल्या.

"काका, नक्षी आहे, पण रबर मेलंय. हे चालून झिजलेलं नाही, उभं राहून वाळलंय. गाडी बरीच वर्षं उभी होती ना?"

"होती," सून म्हणाली.

ती का उभी होती, हे टायरच्या दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. आबांच्या मुलानं ती मोठ्या हौसेनं घेतली होती. लांबच्या प्रवासाची गाडी, रुंद सीट, दोन्ही अंगांना पेट्या लावायची सोय. दोन सफरी झाल्या आणि तिसरीची तयारी चालू असतानाच तो दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बाईबरोबर राहायला गेला. जाताना त्यानं कपडे नेले, पुस्तकं नेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवून नेलं. गाडी आणि बायको मात्र ठेवून गेला. आबांनी त्या दिवसापासून मुलाचं नाव टाकलं.

सून माहेरी गेली नाही. माहेरी दार उघडायला कुणी उरलं नव्हतं, आणि इकडं सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. "एवढं उरकलं की बघते," असं ती म्हणाली आणि बघता बघता चार वर्षं गेली. शेजारी म्हणत, नशीब काढलंत आबा, मुलगा गेला पण लेक मिळाली. ते ऐकायला आबांना आवडायचं, आणि ऐकून झाल्यावर शरमही वाटायची. पोरीनं काय पाप केलं होतं म्हणून तिनं दोन म्हाताऱ्यांची दुखणी काढावीत?

गेल्या वर्षी ती उभी गाडी बाहेर काढून तिला चालवायला त्यांनीच शिकवलं. आबांची उभी हयात बस चालवण्यात गेलेली, त्यामुळे शिकवण्याची हौस दांडगी. डेपोमागच्या मैदानात पहिल्याच दिवशी ती दोनदा पडली. आबा धापा टाकत धावत गेले, तर ही बाई मातीत बसून हसत होती. त्यांच्या घरात आल्यापासून ती इतकं मोकळं कधी हसली नव्हती. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे आबांना तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी त्या हसण्यापुढं त्यांनी तो पाडूनच घेतला असता.

आता ती निघाली होती. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी, तिची एक मैत्रीण छोटं अतिथीगृह चालवत होती. "तिच्याकडं जाऊन येते," असं तिनं जेवताना सांगितलं. सासू म्हणाली, जा की, हवापालट होईल. आबांनी आमटी वाढून घेतली. गेल्या काही दिवसांत तिनं त्यांना फोनवरून औषधं मागवायला शिकवलं होतं. घराची एक जादा किल्ली करून शेजारी ठेवली होती. आणि कपाटातला तिचा कप्पा थोडा थोडा करून रिकामा होत चालला होता. आबांनी हे सगळं पाहिलं आणि मूग गिळून बसले. स्वतःच्या मुलाला ज्याला थांबवता आलं नाही, त्यानं सुनेला कोणत्या तोंडानं थांब म्हणायचं?

म्हणूनच त्या टायरवर त्यांची सगळी भिस्त होती. टायर बरे निघाले असते तर आजची खरेदी टळली असती, आणि तिचं निघणं लांबवायला पुढं आणखी काही सापडलं असतं, साखळी, ब्रेक, काहीतरी. पण हे असं पहिल्याच फटक्यात तोंडघशी पडायला होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

दुकानदारानं आतून दोन टायर आणून फरशीवर शेजारी शेजारी उभे केले. दोन्ही काळे, दोन्ही गोल. आबांना त्यांत काडीचा फरक दिसेना.

"एकट्याच जाणार का ताई?"

"एकटीच."

"सामान?"

"दोन्ही पेट्या भरून. आणि मागं एक मोठी बॅग."

"एवढं? किती दिवसांची सहल आहे?"

"दिवस ठरवलेले नाहीत."

दुकानदारानं मान डोलावली. "आणि अंतर साधारण किती?"

"सहा हजार किलोमीटर. थेट नाही, वाटेतलं सगळं बघत, वळसे घेत."

"म्हणजे जाऊन येऊन बारा," आबा म्हणाले.

ते त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. बसवाल्याचा हिशोब असाच असतो. तिथं नुसतं जाणं कुणी धरत नाही. फेरी म्हणजे जाऊन येऊन. गाडी कितीही लांब गेली तरी डेपोत परत लागेपर्यंत फेरी पुरी होत नाही, ड्रायव्हरला सही करता येत नाही. आबांनी सबंध नोकरीत अंतर विचारणाऱ्याला दुप्पट करूनच सांगितलं होतं.

 सुनेनं हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दुकानदारानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा आबांकडं, आणि मग तो उगाचच टायरवरची धूळ फडक्यानं पुसायला लागला.

"बारा असतील तर हा घ्या," डावीकडच्या टायरवर हात ठेवत तो म्हणाला. "कडक रबर. पंधरा हजार कुठं जात नाही. हा दुसरा मऊ आहे. आठ हजार चालेल, फार तर नऊ. मग संपला."

"मग विचारायचं काय त्यात?" आबांचा आवाज एकदम चढला. "कडकच द्या. टिकाऊ ते टिकाऊ. आम्ही बसला कधी मऊ टायर लावले नाहीत."

"बस झुकत नाही काका. ही वळणावर झुकते. झुकली की रस्त्याला टेकलेलं रबर तळहाताएवढं पण नसतं. कोरड्या रस्त्यावर दोन्ही सारखेच. पण थंडी असेल, पाऊस असेल, तर मऊ रबर रस्ता धरून ठेवतं."

"आणि कडक?"

"कडक जरा उशिरा धरतं. सांभाळून चालवायचं."

 नकाशा आबांनी चोरून पाहिला होता. शेवटचा टप्पा सगळा घाटाचा होता, आणि त्या किनाऱ्यावर पाऊस कधी येईल याला धरबंध नव्हता. ओल्या घाटात गाडी घसरते म्हणजे काय होतं ते त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. एकदाच झालं होतं. भरलेली बस, उताराचं वळण, आणि स्टिअरिंग अचानक हलकं झालेलं. ते हातात असतं, आपण फिरवतही असतो, पण खाली काहीच ऐकत नाही. बस कठड्याला घासून थांबली आणि कुणाला खरचटलंही नाही. तरी त्यानंतर कित्येक दिवस आबांना जेवताना घास गिळवत नव्हता.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. "आईंचा आहे," असं म्हणत ती बाहेर फुटपाथवर गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. सासूला ऐकायला कमी येतं म्हणून ती प्रत्येक वाक्य दोनदा सांगत असणार.

आबा दुकानदाराच्या जवळ सरकले.

"मधलं काही निघत नाही का? टिकेलही आणि धरेलही असं?"

"दोन्ही पाहिजे असं सगळेच म्हणतात काका. निघालं असतं तर मी दुसरं काही विकलंच नसतं."

"मग असं करा." आबांनी दाराकडं एक नजर टाकली. आपण काय बोलतोय याची त्यांची त्यांनाच लाज वाटत होती. "या मापाचे टायर शिल्लक नाहीत म्हणा. मागवावे लागतील, महिना दोन महिने लागतील. तुमचं गिऱ्हाईक कुठं पळत नाही."

दुकानदारानं फडकं खांद्यावर टाकलं. माणूस वाईट नव्हता. त्याला हसू आलं नाही.

"कसं म्हणू? त्या गेल्या आठवड्यातच येऊन दोन्ही बघून गेल्यात."

"कोण? ही?"

"हो. तेव्हा मऊच पसंत केले होते. बाजूला काढून ठेवा म्हणाल्या. मी विचारलं, परतताना टायर संपतील, चालेल का? तर बराच वेळ इथंच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, सासऱ्यांना घेऊन येते. त्यांना दोन्ही दाखवा आणि ते सांगतील ते बसवा. कडक म्हणाले तर कडक."

आबा बाकावर बसले.  इतके दिवस आपल्या हातात काही नाही म्हणून ते कुढत होते, आणि आता पोरीनं सगळं त्यांच्याच हातात आणून ठेवलं होतं. कडक म्हटलं तर ती परत येईल. ते तिला ओळखत होते. आबांनी येण्याजाण्याचे टायर घालून दिलेत म्हटल्यावर ती येईल, पुन्हा त्या घरात, त्या औषधांत, गुडघ्याला लावायच्या तेलात. पण त्याआधी ती त्याच टायरांवर पावसात तो घाट उतरेल. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. त्यांनी दोन्ही टायरांकडं पाहिलं. मग उजवीकडच्यावर बोट दाबलं. रबर किंचित आत गेलं आणि बोट काढताच वर आलं.

दार उघडून सून आत आली.

"आई विचारतायत, चहाला थांबू का."

"थांबू नको म्हणावं. वेळ लागेल," आबा म्हणाले. मग दुकानदाराकडं वळून, खाकरून, जरा मोठ्यानं म्हणाले, "मऊवाले बसवा. दोन्ही चाकांना."

सून जागच्या जागी उभी राहिली.

"आबा, तुम्ही तर बारा हजार म्हणाला होतात."

"बसची सवय. उगाच दुप्पट धरलं." ते तिच्याकडं बघत नव्हते. "सहाच धर."

ती पुढं आली आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली.  आबांनी तिच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि हात काढून घेतला. समोर दुकानदार मागचं चाक सोडवत होता. नट कडक बसले होते, त्याला अंगाचा भार टाकावा लागत होता. दोघंही ते काम इतक्या लक्षपूर्वक बघत राहिले की जणू पुढं परीक्षा द्यायची होती.

गाडी पुन्हा दोन्ही चाकांवर उभी राहिली तेव्हा दुकानदार हात पुसत म्हणाला, "ताई, नवं रबर सुरुवातीला निसरडं असतं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेतानं. एकदम झुकवू नका."

सुनेनं गाडी सुरू केली आणि आबांना बसायची खूण केली. बसची चावी हातात असण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस मागं बसायला नेहमीच कुरकुर करायचा. आज त्यांनी मुकाट्यानं पाय टाकला.

"खांद्याला धरा," ती म्हणाली.

त्यांनी धरलं.   ती खरोखरच बेतानं चालवत होती, वळणांवर तर अगदी सरळ, जपून. चांगली चालवते पोरगी, आबांच्या मनात आलं. घरी आता बायको दारात उभी असेल. हवापालट करून सून महिन्याभरात परत येणार, असं ती आल्यागेल्याला सांगत होती. तिला काय सांगायचं, हे आबांचं अजून ठरलं नव्हतं.

घराचा फाटा दिसला. सुनेनं वेग कमी केला आणि इंडिकेटर लावला.

"वळू नको," आबा म्हणाले. "सरळ घे. टायर जरा चालू देत."

तिनं इंडिकेटर बंद केला. फाटा मागं पडला, मग पेट्रोल पंप, मग शाळेची लांबलचक भिंत. पुढं शहर विरळ होत गेलं आणि रस्ता रुंद झाला.

"कुठपर्यंत जायचं आबा?" तिनं मान अर्धी वळवून विचारलं.

"जा तुला वाटेल तिथपर्यंत," आबा म्हणाले. "आज मी मागं आहे, आज परत यायलाच लागेल."