डोंगराचं दूध

डोंगरमाथ्यावर शंख वाजला आणि थोड्याच वेळात गुहेतल्या कोनाड्यातून पांढरं दूध ठिबकायला लागलं. गर्दी भिंतीवर तुटून पडली. कुणी पेला धरला, कुणी बाटली, कुणी नुसती ओंजळ. एकाने ओंजळ चाटली की तिथेच दुसऱ्याचा तळवा. दाराशी उभ्या असलेल्या फायनाने तोंड फिरवलं. ती ‘ला सोलाना’ गावच्या दवाखान्यात परिचारिका होती, रोज जखमा धुणारी बाई, तिला सहसा कशाची किळस येत नसे.

कोनाड्यापाशी रुइमान उभा होता. खांद्यावर बोकडाचं कातडं, कपाळावर गेरू. परवापरवापर्यंत हा गडी शहरात फ्रिज विकायचा. आता स्वतःला फायकान म्हणवून घेत होता, म्हणजे स्पॅनिश लोक या बेटावर यायच्या आधीचा पुजारी. तेव्हाचे लोक याच गुहांत राहायचे आणि माथ्यावर खडकात कोरलेल्या खळग्यांत शेळीचं दूध ओतून पाऊस मागायचे. गाव अजूनही गुहांतच राहत होतं, त्यामुळे रुइमानची टूम लगेच रुजली. वर दूध ओता, खाली डोंगर तेच दूध औषध करून परत देतो.

"डोंगराला सगळं कळतं, लेकरांनो," रुइमान गळा काढून सांगत होता. "साखर असो, सांधे असोत, सुनेचा स्वभाव असो. फक्त सुया टोचून रक्त नासवू नका. ते आपल्या पूर्वजांचं रक्त आहे."

हे ऐकून फायनाच्या आईने, कांदेलारियाने, इन्सुलिन बंद केलं होतं. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. घरात तिचा वास भरून राहिला होता आणि म्हातारी त्यावर धूप जाळत होती.

"आई, पाय जाईल," फायना त्या संध्याकाळी म्हणाली.

"तू चार बुकं शिकलीस म्हणून पूर्वज खोटे झाले काय गं?"

"पूर्वजांना मी काही म्हणत नाही. त्या फ्रिजवाल्याला म्हणतेय."

"उद्या आपल्या शेळीचं दूध वाहायचंय. मला चढवत नाही. तू चरवी घेऊन जा, मी खाली थांबते."

फायना लगेच हो म्हणाली. आईला त्याचंच नवल वाटलं.

सकाळी वाटेत तिने निवडुंगाच्या पानांवरचे पांढुरके किडे मूठभर खरवडले, लालभडक रस निघेपर्यंत चिरडले आणि चरवीत ढवळले. माथ्यावर सगळ्यांच्या देखत तिने दूध ओतलं. खळगा गुलाबी झाला.

"हे काय आणि?" शेजारचा मेंढपाळ एउसेबिओ म्हणाला.

"निवडुंगावरचे किडे. तुझी आजी यानेच लोकर रंगवायची. आमचं दूध ओळखू यावं म्हणून खूण केली."

"डोंगराला खूण कशाला लागते?"

"डोंगराला नाही, मला लागते."

रुइमान खाली गुहेत होता. त्याला ऐकू गेला तो फक्त दूध ओतल्याचा शंख.

सगळे खाली उतरले तेव्हा कोनाड्यातून पांढरंशुभ्र दूध गळत होतं. रुइमानने पेला भरून कांदेलारियाच्या हातात दिला. "घ्या, बाई. तुमच्याच शेळीचं."

"आमचं तर गुलाबी होतं," फायना म्हणाली.

"होतं खरं. मी पाहिलं," एउसेबिओ पुटपुटला.

रुइमान गडबडला, पण क्षणभरच. "डोंगर गाळून देतो. मळ मागे ठेवतो."

"मग मागे काय ठेवलंय ते बघू या."

तिने एउसेबिओच्या हातची लांब काठी ओढून घेतली आणि कोनाड्यावरच्या ओल्या चुन्यावर हाणली. इथे दर वसंतात घरोघरी गुहांना चुना लावतात, म्हणून ताज्या चुन्याचा कुणाला संशय आला नव्हता. पोपडा पडला. मागे धान्य साठवायची जुनी पोकळी होती, तिच्यात प्लॅस्टिकचा डबा आणि एक नळी. नळी खाली उतरून पुन्हा कोनाड्यात चढली होती आणि तिची तोटी थेट रुइमानच्या पायाशी, दगडाआड होती. शंख वाजला की तो ती पायाने फिरवायचा. डब्यात भुकटीचं दूध होतं, वर हिरवट साय, तिच्यात मेलेली झुरळं. आणि वरचं खरं दूध खडकातल्या जुन्या पन्हळीने कड्याबाहेर वाहून जात होतं. गुहेच्या दारातून वाकून पाहिलं की कातळावरचा गुलाबी ओघळ स्वच्छ दिसत होता.

एक बाई कोपऱ्यात ओकली. रुइमान कातडं टाकून पळाला, पण एउसेबिओने त्याला धरून शेळ्यांच्या गोठ्यात कोंडलं, पोलीस येईपर्यंत.

"म्हणजे पूर्वजांचं सगळंच थोतांड?" कुणीतरी विचारलं.

"त्यांनी कुणाची साखर उतरवायचा वायदा केला नव्हता," फायना संतापून म्हणाली. "पाऊस हवा होता, मागितला. याहून जास्त त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्याकडे इन्सुलिन असतं तर त्यांनी आधी ते घेतलं असतं, मग दूध ओतायला चढले असते. कुणी भिंतीतून औषध काढून दाखवलं तर पेला पुढे करायच्या आधी भिंतीमागे बघा. एवढं तरी करा."

कांदेलारिया दगडी बाकावर बसली होती. तिने सगळ्यांसमोर पायाची पट्टी सोडली आणि पहिल्यांदाच जखमेकडे नीट पाहिलं. वास आला तशी माणसं मागे सरली.

"अंगठा वाचेल?" तिने विचारलं.

"अंगठा नाही वाचणार, आई. आज निघालो तर पाय वाचेल."

म्हातारीने हातातला पेला जमिनीवर उपडा केला. "मग उभी काय राहिलीस? गाडी आण."