वापरात असलेले सात सोफे

आमचं कार्यालय चिवट रसायनांचं. म्हणजे जी एकदा तयार झाली की विरत नाहीत, कुजत नाहीत, माणसाच्या अंगात पाहुण्यासारखी येतात आणि घरजावयासारखी राहतात, अशा रसायनांवर बंदी घालायचं. बंदी साहेब घालतात, भाषा माझी असते. एकतीस वर्षं मी नियमांचे मसुदे लिहिते आहे. माझ्या कलमांतून आजवर कुणाला निसटता आलेलं नाही, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी सोफ्यांच्या फोमवर बंदी आली. फोम पेटू नये म्हणून त्यात एक रसायन घालत असत. फोम पेटत नाही हे खरं, पण जुना झाला की त्याची भुकटी होते, ती हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. कारखानदार हात जोडून आले. घराघरांत जे लाखो सोफे आधीच आहेत त्यांचं काय करायचं? तेव्हा मी एक कलम लिहिलं: ‘वापरात असलेल्या वस्तूंना ही बंदी लागू नाही. सलग सात दिवस वापर न झाल्यास वस्तू विषारी कचरा समजावी.’ साहेब म्हणाले, "वा! सगळ्यांची सोय झाली." मी दिवसभर हवेत होते.

महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच फोमचे सात सोफे आमच्याच दिवाणखान्यात, म्हणजे अभ्यागतांच्या खोलीत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांवर आठवडेच्या आठवडे कुणी बसत नाही.

आता विषारी कचरा बाळगणाऱ्यांची यादी आम्हीच छापतो. पहिली यादी निघायची होती आणि तिच्यात पहिलं नाव आमचं आलं असतं. तो कचरा जाळायची भट्टी कुठे आहे हे शोधायला समिती नेमली होती, ती अजून भट्टी म्हणजे काय यावर चर्चा करत होती. साहेबांनी डोकं लढवलं. सोफे वापरात ठेवायचे, बस्स! त्यांनी बसण्याच्या पाळ्या लावल्या आणि रजिस्टर माझ्या गळ्यात घातलं. सोफा क्रमांक, बसणाऱ्याचं नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ.

शिपाई सकाळी एक नंबरवर बसायचा. हिशेबनीस जेवणानंतर तीन नंबरवर डुलकी काढायचे, ती डुलकी आता कार्यालयीन कामात धरली जाऊ लागली. तक्रारदारांना पूर्वी दहा मिनिटं थांबवत होतो, आता पाऊण तास थांबवू लागलो. एक गृहस्थ घरच्या सोफ्यातल्या फोमची तक्रार घेऊन आले, चार नंबरवर बसून बसून कंटाळले आणि निघून गेले. मी त्यांची उठल्याची वेळ व्यवस्थित लिहिली.

घोडं अडलं सात नंबरपाशी. तो कोपऱ्यातला, कव्हर फाटलेला, आतून पिवळा चुरा सांडणारा. त्यावर कुणी टेकायला तयार होईना. तेव्हा साहेबांना आमच्या टायपिस्टची दया आली.

टायपिस्टला सातवा महिना होता. पहिलंच बाळ. साहेब म्हणाले, "अवघडलेल्या बाईला मऊ बसायला हवं." तिचं टेबल सात नंबरपुढे गेलं आणि तिची लाकडी खुर्ची माळ्यावर. गंमत अशी की फोमच्या धोक्यावर आम्ही काढलेली पुस्तिका तिनेच टाइप केली होती. त्यातलं अकरावं पान गरोदर बायकांसाठी होतं. ते पान तिला पाठ होतं.

तिने लाकडी खुर्चीसाठी अर्ज केला. शेरा आला: कारण लिहा. तिने कारण लिहिलं. शेरा आला: या कारणाने कार्यालयाची प्रतिमा मलिन होते, दुसरं कारण लिहा. तिने लिहिलं, पाठ दुखते. शेरा आला: पाठ दुखत असल्यास मऊ आसनच योग्य, सोफा चालू ठेवावा.

तिन्ही शेरे माझ्या अक्षरातले होते. साहेब फक्त सही करतात.

"मोठ्या बाई," ती एकदा मला म्हणाली, "मी उभ्याने टाइप केलं तर चालेल का हो?"

"रजिस्टरमध्ये काय लिहू मग?" मी म्हटलं.

माझी खुर्ची लाकडीच होती. ती तिला द्यावी असं मनात आलं होतं, नाही असं नाही. पण मग सात नंबरवर मला बसावं लागलं असतं, आणि ती पुस्तिका मीही वाचली होती. याची मला लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण खुर्ची सोडण्याइतकी नाही.

ती रोज येताना घरून धुतलेली चादर आणायची, सोफ्यावर अंथरायची, संध्याकाळी घडी करून वेगळ्या पिशवीत घालून न्यायची. तासातासाला हात धुवायची. नववा महिना लागला तरी तिची रजा मंजूर झाली नव्हती, कारण ती गेल्यावर सात नंबरवर कोण, हे ठरत नव्हतं.

एका दुपारी साहेबांची लेक आली, घराची किल्ली न्यायला. बरोबर साहेबांची नात, दोन वर्षांची. साहेब किल्ली शोधत बाहेर आले. तोवर पोरगी हात सोडवून धावली ती थेट सात नंबरवर. टायपिस्टच्या शेजारी चढली, दोनदा उड्या मारल्या, फाटक्या कव्हरमध्ये बोटं घातली आणि पिवळा चुरा मुठीत घेऊन तोंडाकडे नेला.

"ए! उतर, उतर खाली!" साहेब असे ओरडले की हिशेबनीस तीन नंबरवर दचकून उठले. "टाक ते! तोंडात घालू नकोस! अगं, बघतेस काय, हात धू तिचे आधी, साबणाने धू!"

त्यांनी झेप घेऊन नातीला उचललं, तिची मूठ उघडली, स्वतःच्या रुमालाने एकेक बोट पुसलं. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. लेक बावरून म्हणाली, "बाबा, अहो, सोफाच तर आहे!"

चार नंबरवर थांबवलेले नवे तक्रारदारसुद्धा आपल्या बुडाखाली पाहू लागले.

टायपिस्टने एक हात पोटावर ठेवला. अगदी शांतपणे, अर्ज करताना विचारावं तसं तिने विचारलं, "साहेब, मी पण उतरू का?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नातीला छातीशी धरून ते माझ्याकडे पाहू लागले, अडचण आली की नेहमी पाहतात तसे, वाक्यासाठी. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना वाक्य दिलं नाही. मी खुर्चीतून उठले आणि तिला हात दिला.