चिमणीचा पाय

करड्या रंगाचं बटण, चार भोकांचं, आणि एका भोकातून निघून बाकीच्या तिन्हींकडे फाकलेले तीन टाके, ओल्या मातीत चिमणीचा पाय उमटावा तसे... चहाचा कप ओठांपाशी नेता नेता माझा हात थांबला. साल एक्क्याण्णव, हिवाळ्यातली सकाळ, आणि समोरच्या खुर्चीत कोट घालून बसलेली टिचकी म्हणत होती, "आयुष्यात पहिल्यांदा येतेय बाई तुझ्या शहरात. आता सगळं दाखवायचं हं, उंटिणी."

टिचकी आणि उंटीण ही आमची टेलिफोन एक्स्चेंजमधली नावं. एकीचा हात वरच्या प्लगपर्यंत पोचायचा नाही, दुसरीचे गुडघे टेबलाखाली मावायचे नाहीत. लग्नं झाली, शहरं बदलली, पण रविवारचा फोन कधी चुकला नाही.

असं बटण लावणारी माणसं जगात तीनच होती. आई शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे घरी आणायची आणि आम्हा दोघी बहिणींना घेऊन बसायची. सगळे फुली मारतात, आपण पाय काढायचा, म्हणजे आपलं काम आपल्याला ओळखू येतं, असं तिचं म्हणणं. आई आता नाही. मी उजव्या हाताची, माझ्या चिमणीची बोटं उजवीकडे. धाकटी डावरी. कोटावरच्या चारही चिमण्यांची बोटं डावीकडे होती.

"बटणं नवी लावलीस?"

"अगं, आमच्या कोपऱ्यावरचा शिंपी. सगळी लोंबायला लागली होती. का गं?"

"काही नाही. छान दिसतायत."

धाकटी याच शहरात राहते, नदीपलीकडे. नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. आई शेवटचे महिने तिच्याकडे होती, आणि आई गेल्याचं तिने मला कळवलं ते दुसऱ्या दिवशी, सगळं आटोपल्यावर. हे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नाही, टिचकीला सांगितलं. किती रविवार नुसती रडले असेन त्या फोनवर... आणि पलीकडून टिचकी म्हणायची, "मी असते तर जन्मात तोंड पाहिलं नसतं तिचं."

मग मी तिला शहर दाखवलं. दाखवायचं तर होतंच — आठवडाभर मनात आखलं होतं, आधी जुना बाजार, मग पाण्याच्या टाकीची टेकडी, मग घड्याळांची गल्ली. टिचकी प्रत्येक वळणावर "अगंबाई!" करत होती, आणि प्रत्येक "अगंबाई"बरोबर माझी नजर तिच्या बटणांवर जात होती. अजून वाटत होतं, नसेलही तसं. दुसऱ्या गावात दुसरी एखादी डावरी बाई असेल, तिच्याही आईने शिकवलं असेल, का नसावं?

बाजाराच्या थांब्यावर बस भिंतीला इतकी खेटून उभी राहायची की मागचं दार उघडायचंच नाही. नवा माणूस मागे उभा राहायचा आणि पुढच्या थांब्यावर उतरायचा, मग आम्ही हसायचो. हे टिचकीला सांगायला मी तोंड उघडलं, तोवर टिचकी पिशवी सावरत, बाकांच्या मधून, पुढच्या दाराकडे निघालीसुद्धा होती.

उतरताना दांड्यात अडकून खालचं बटण तुटलं. दोघी रस्त्यात वाकून ते शोधू लागल्या. सापडलं टिचकीला. "हे बघ, सापडलं!" म्हणताना ती हसली, अगदी एक्स्चेंजमधल्यासारखी, आणि मला तिचा राग येण्याऐवजी तिची आठवण आली. ती समोर उभी असताना.

टेकडीवरून सगळं शहर दिसतं. नवा पाहुणा हमखास विचारतो, नदीपलीकडे काय आहे? टिचकीने स्टेशनचं विचारलं, शाळेचं विचारलं, धुराड्याचं विचारलं. नदीकडे तिने पाठ केली होती.

संध्याकाळी टिचकी म्हणाली, "दे ना टाचून. कसंही लाव, एवढं काय!"

मी सुईत दोरा ओवला. डोळे वर न करता विचारलं, "एक्स्चेंजमध्ये तू लोकांचं बोलणं ऐकायचीस?"

"सगळ्याच ऐकायच्या. तू काय मोठी साधू होतीस?"

"मग?"

"मग काय? इकडचं कधी तिकडे केलं नाही." तिने बटण माझ्यापुढे सरकवलं. "तेवढं मात्र कधीच नाही हं, उंटिणी."

म्हणजे हे असं आहे तर. माझं रडणं तिने तिकडे नेलं नाही, आणि तिकडचं काहीच इकडे आणलं नाही. याला इमान म्हणायचं? माझ्याशी बोलून फोन ठेवायची आणि मग एखाद्या सुट्टीत धाकटीच्या ओट्यापाशी उभी राहून चहा ढवळायची... आणि धाकटी कोट मांडीवर घेऊन, मान वाकडी करून, दात लावून दोरा तोडायची. अजून दातानेच तोडते का? चष्मा लागला असेल. टाके मात्र घट्ट होते, एकसारखे. भोकात अडकलेला धाकटीचा तुटका दोरा कापायला मी कात्री उचलली आणि तशीच धरून बसले.

तो दोरा मी कापला नाही. त्याच्या शेजारून आपला ओवला, आणि पाय काढला, बोटं उजवीकडे. तीन चिमण्या एकीकडे, एक दुसरीकडे. टिचकीने कोट चढवला, बटणं लावली, म्हणाली, "वा! ओळखूसुद्धा येत नाही."

टिचकी सहा वर्षांनी मुलाकडे राहायला गेली, तिथेच वारली. तोवर रविवारचे फोन चालू होते. मी हवापाण्याचं बोलायचे, ती विचारायची, "बरी आहेस ना? गप्प गप्प असतेस." बाजाराचा थांबा हलला, आता दोन्ही दारं उघडतात. धाकटी नदीपलीकडेच आहे. तो कोट तिच्या हाती पुन्हा आला की नाही, तिने पाहिलं की नाही, कळायला मार्ग नाही. विचारायचं तर टिचकीलाच विचारता आलं असतं.

अजून एखादा सैल कोट घालून कुणी दारात आलं की माझी नजर आधी बटणांवर जाते. तिथे फुल्याच असतात. मी त्यांना आत या म्हणते.